६१७४ची कारणमीमांसा

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. अट एवढीच, की तिचे चारही अंक एकसारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा. १९०५ घेतली तर ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ उरतात. तिथून ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आणखी एकदा करून पाहिले, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च. गाडी इथे थांबते. दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात वजाबाक्यांत मुक्काम याच ठिकाणी पडतो. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांतून एकसारख्या अंकांच्या दहा वगळल्या, तर उरलेल्या ९,९९० मधली एकही यातून सुटत नाही.

या संख्येचा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. जन्म १९०५चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४चा हा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तोवर, आणि आपल्याकडे त्यानंतरही, या संख्येच्या वाट्याला दोनच प्रकारचे वाचक आले. एक हात जोडणारे: त्यांच्या लेखी ६१७४ हा चमत्कार, आणि चमत्काराला कारण विचारायचे नसते. दुसरे खांदे उडवणारे: आकड्यांची गंमत आहे, मुलांना सुट्टीत बरी, खऱ्या गणिताशी तिचा संबंध काय? मला हे दोन्ही पक्ष एकाच जागी चुकतात असे वाटते. ६१७४ला कारण आहे, ते शाळेतल्या वजाबाकीतून हाती लागते आणि लागले की ते दहाच्या पायापुरते राहत नाही, फार लांब जाते. पुढील पानांचा विषय हे कारण आहे. ते कोणत्या आक्षेपांपुढे टिकते आणि कुठे आखडते, याची चर्चा या प्रस्तावनेत करायची आहे.

आधी थोडी छाटणी करायला हवी, कारण ६१७४बद्दल जे जे सांगितले जाते ते सगळे एका तोलाचे नाही. तिचे मूळ अवयव २, ३, ३, ७, ७, ७. त्यांच्या वर्गांची बेरीज १६९, म्हणजे १३चा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ने तिला पूर्ण भाग जाऊन ३४३ येतात, म्हणजे ७चा घन. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ असे गोड नाव दिले आहे, तेव्हा त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या त्यांच्याच दुसऱ्या कुळातही बसते. शिवाय १८, १८चा वर्ग आणि १८चा घन मिळवले, तर १८ + ३२४ + ५८३२ म्हणजे बरोबर ६१७४. वाचायला मजा येते. पण यांतल्या एकाही गोष्टीचा वजाबाकीच्या त्या मुक्कामाशी काही संबंध दाखवता येत नाही. कोणत्याही चार अंकी संख्येच्या मागे पुरेसा वेळ लागलात तर असे दोन-चार दागिने सापडतातच, आणि हर्षद संख्या तर पैशाला पासरी आहेत. एका संख्येवर अनेक योगायोग गोळा झाले म्हणून ती थोर होत नाही. ६१७४चे महत्त्व तिच्या एकाच गुणधर्मात आहे, आणि तेही त्या गुणधर्मामागची यंत्रणा उघडून दाखवता येते म्हणून.

ती यंत्रणा अशी. उतरत्या क्रमाने लावलेल्या चार अंकांत पहिला आणि शेवटचा यांच्यातला फरक म्हणजे बाहेरचे अंतर, मधल्या दोघांतला फरक म्हणजे आतले अंतर. ९५१० मध्ये बाहेरचे अंतर ९, आतले ४. मोठ्या संख्येतून लहान वजा करताना हजार आणि एकक यांची अदलाबदल होते, शतक आणि दशक यांची होते. म्हणून वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ गुणिले बाहेरचे अंतर अधिक ९० गुणिले आतले अंतर एवढेच असते. ९९९ नवे ८९९१, ९० चोक ३६०, मिळून ९३५१. मूळ संख्येचे अंक कोणते होते हे पहिल्याच वजाबाकीत पुसले जाते, उरतात फक्त दोन अंतरे. बाहेरचे १ ते ९ पैकी काहीही असू शकते आणि आतले त्याहून मोठे असू शकत नाही, तेव्हा जोड्या होतात फक्त ५४. ९,९९० संख्यांची गर्दी एका पायरीत ५४वर आली. त्या ५४ उत्तरांतही बरीच एकमेकांचेच अंक फिरवून झालेली असतात. तशी एकत्र धरली तर खरी वेगळी उरतात ३०.

इथपर्यंत पुष्कळ लोक येतात आणि मग ती तीस प्रकरणे एकेक करून तपासतात. सगळी ६१७४वर पोचतात, सिद्धता पुरी. चूक काहीच नाही. संगणकावर ९,९९० संख्या तपासणे हीसुद्धा सिद्धताच आहे आणि तिला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण अशा सिद्धतेने आपल्याला हे असेच आहे एवढे कळते. असे का आहे, दुसरे काही का झाले नाही, याचे उत्तर तिच्यात नसते. त्यासाठी वजाबाकी उभी मांडून हातच्यांकडे पाहावे लागते. आतले अंतर शून्य नसेल तर एककाच्या घरी उसने घ्यावेच लागते, दशकाच्याही घरी घ्यावे लागते, शतकाचे घर एक देऊन बसते आणि हजाराचे घर शाबूत राहते. त्यामुळे उत्तराचे चार अंक ठरून जातात: हजाराच्या घरी बाहेरचे अंतर, शतकाच्या घरी आतल्या अंतराहून एक कमी, दशकाच्या घरी ९ वजा आतले अंतर, एककाच्या घरी १० वजा बाहेरचे अंतर. टोकाच्या दोन अंकांची बेरीज नेहमी १० आणि मधल्या दोघांची नेहमी ८. म्हणजे टोकाची जोडी ५च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसते, मधली जोडी ४च्या दोन्ही बाजूंना.

आता नजर अंतरांवरून काढून ती अंतरे ५पासून किती लांब आहेत तिकडे वळवायची. याला दुरावा म्हणू. बाहेरच्या अंतराचा दुरावा एक, आतल्याचा एक. टोकाची जोडी ५पासून जेवढी लांब, तेवढाच बाहेरचा दुरावा, आणि मधली जोडी ४पासून जेवढी लांब, तेवढाच आतला. उत्तराचे अंक पुन्हा उतरत्या क्रमाने लावले की ज्या जोडीचा दुरावा मोठा ती दोन्ही टोके बळकावते आणि लहान दुराव्याची जोडी आत सापडते. म्हणून नवे बाहेरचे अंतर मोठ्या दुराव्याच्या दुप्पट, नवे आतले अंतर लहान दुराव्याच्या दुप्पट. एवढ्यावरून नवे दुरावे काढायचा नियम एका ओळीत येतो: जुना दुरावा दुप्पट करा आणि तो ५पासून किती लांब पडतो ते पाहा. दुरावा १ असेल तर दुप्पट २, ५पासून लांब ३. दुरावा ३ असेल तर दुप्पट ६, ५पासून लांब १. दुरावा २चा १ होतो, ४चा ३ होतो. म्हणजे १ आणि ३ एकमेकांत बदलत राहतात आणि बाकीचे त्यांच्यात येऊन पडतात. दुरावे १ आणि ३ झाले की मोठा ३, म्हणून बाहेरचे अंतर ६. लहान १, म्हणून आतले अंतर २. आणि ६ व २ या अंतरांचे उत्तर, वरच्या घरांप्रमाणे, ६, १, ७, ४. एवढेच ते रहस्य.

यात दोन अपवाद आहेत आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन्ही दुरावे सारखे असले, तर कोणती जोडी टोकाला जाणार हा प्रश्न अडतो आणि मोठीचे एक टोक व धाकटीचे एक टोक मिळून बाहेर जातात. दुसरा अपवाद आतले अंतर शून्य होण्याचा. तेव्हा हातच्यांची साखळी बदलते आणि मध्ये दोन नऊ येतात. या दोन्ही प्रसंगी वरचा नियम एका पायरीपुरता बाजूला ठेवावा लागतो. १९०५ला पूर्ण सात वजाबाक्या का लागल्या याचेही उत्तर इथेच आहे: तिच्या वाटेवर दोन्ही अपवाद भेटतात. ९३५१चे अंक ९५३१ असे लावले की अंतरे ८ आणि २, दोन्हींचा दुरावा ३. पुढे ७४४३ मध्ये मधले दोन्ही अंक ४, आतले अंतर शून्य, आणि उत्तर ३९९६, दोन नवांसकट. तिथून मात्र नियम पुन्हा हातात येतो. दहाच्या पायात प्रत्येक अपवादातून बाहेर पडणारी वाट शेवटी १ आणि ३ कडेच वळते. हे तपासूनच पाहावे लागते, पण तपासायला तीस प्रकरणे लागत नाहीत, मोजकी पुरतात.

आता मोठा आक्षेप. जी. एच. हार्डी यांनी १९४०च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात दोन उदाहरणे मुद्दाम कमअस्सल म्हणून दिली आहेत. ८७१२ ही २१७८च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९च्या नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच. दुसरे उदाहरण, आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असलेल्या १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ यांचे. हार्डींचे म्हणणे असे, की असल्या विधानांत गणितज्ञाला ओढून घेईल असे काही नाही. ती दहाच्या पद्धतीत संख्या लिहिण्याच्या सवयीतून निघतात, त्यांना व्याप्ती नाही, खोली नाही, आणि त्यांची सिद्धता म्हणजे सुटी प्रकरणे तपासण्याचे कंटाळवाणे काम. कापरेकरांचे नाव हार्डी घेत नाहीत, ६१७४ तेव्हा उजेडात यायची होती. पण बाण तिला लागतो. हार्डींच्याच रामानुजनांची १७२९ शेजारी ठेवली तर तो आणखी खोल जातो. १७२९ ही दोन घनांची बेरीज दोन रीतींनी होते: १ अधिक १७२८, किंवा १००० अधिक ७२९. ही गोष्ट कोणत्याही पायात लिहा, रोमन अंकांत लिहा, खडे मांडून दाखवा, खरीच राहते. ६१७४ पाच किंवा बाराच्या पायात लिहिली तर तिचे तेज नाहीसे होते. मग तिचा गुणधर्म संख्येचा की तिच्या लिखाणाचा?

लिखाणाचा, हे मान्य केलेच पाहिजे. पण यातून पुढचे अनुमान निघत नाही. स्थानमूल्याने संख्या लिहिणे ही स्वतः एक गणिती रचना आहे, आणि दहाच्या जागी दुसरा पाया घेऊन आपला नियम तपासता येतो. पायाच्या निम्म्याला ५च्या जागी बसवले की दुराव्याचा नियम अक्षर न बदलता चालतो: दुप्पट करा, निम्म्यापासून किती लांब ते पाहा. एकमेकांत बदलत राहणारे दोन दुरावे शोधले तर ते निम्म्याचा एक पंचमांश आणि तीन पंचमांश असे येतात. त्यांची अंतरे पायाचे तीन पंचमांश आणि एक पंचमांश. दहाच्या पायात ही ६ आणि २, आपली ओळखीची. पाचच्या पायात ३ आणि १, आणि त्यांचे उत्तर ३०३२ (आपल्या लिखाणात ३९२). २ आणि ४ हे अगदी लहान पाये वेगळ्या कारणाने अपवाद ठरतात. ते सोडले, तर असा स्वतःवरच परतणारा चार अंकी आकडा ५ने भाग जाणाऱ्या प्रत्येक पायात आहे आणि इतर कोणत्याही पायात नाही. तेव्हा ६१७४ ही एकटी संख्या नाही. ती एका अनंत मालिकेतली दुसरी आहे, आणि तिच्या पोटात दहापेक्षा पाचाचे काम अधिक आहे. हार्डींनी मागितलेली व्याप्ती हीच ना?

आकडा अस्तित्वात असणे वेगळे आणि सगळ्या संख्या त्याच्याकडे येणे वेगळे. दुसरा प्रश्न बराच अवघड आहे. त्याचे उत्तर १९७८ मध्ये हेल्मुट हासे आणि गॉर्डन प्रिचेट यांनी ‘क्रेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १८२६ साली बर्लिनमध्ये निघालेल्या जर्मन गणित नियतकालिकात दिले. त्या लेखाच्या शीर्षकातच कापरेकरांचे नाव आहे. पाया ५ असेल, किंवा ५ला २ने विषम वेळा गुणून आलेला असेल, म्हणजे ५, १०, ४०, १६० असा, तरच सगळ्या वाटा एका मुक्कामी येतात. हासे कोण, हे संख्यासिद्धांत शिकणाऱ्याला सांगावे लागत नाही. विसाव्या शतकातल्या बैजिक संख्यासिद्धांताचा मोठा भाग त्यांच्या कामावर उभा आहे आणि त्यांच्या नावाचे तत्त्व आजही रोज वापरले जाते. मोठ्या माणसाने हात लावला म्हणून विषय मोठा ठरतो असा माझा दावा नाही. तसा युक्तिवाद हात जोडणाऱ्यांना शोभतो. दावा एवढाच, की खऱ्या गणितज्ञाला यात ओढून घेण्यासारखे काही नाही हे विधान प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीशी जुळत नाही. मात्र हार्डींचे निम्मे म्हणणे मी राखून ठेवीन. व्याप्ती दिसली तरी खोलीला मर्यादा आहे. या संख्येतून गणिताच्या दुसऱ्या शाखेत दार उघडत असेल तर ते त्या दुप्पट करून मागे मोजण्याच्या नियमातून. तो ‘तंबू’ या नावाने गतिकीच्या अभ्यासात येणाऱ्या नियमाचाच भाऊबंद आहे, आणि तो नियम वाटतो त्यापेक्षा फार खट्याळ आहे. पण ती वाट कापरेकरांनी चोखाळलेली नाही आणि त्यांच्या पदरात ती घालणे योग्य नव्हे.

एक लहान आक्षेप शून्यांचा. १०००मधून ०००१ वजा केले की ९९९ येतात. पुढे ०९९९ धरून चालायचे ही पळवाट नाही काय? ९९९ असेच घेतले तर अंक सारखे आणि खेळ संपला. उत्तर सोपे आहे. इथे चार घरे ठरलेली आहेत आणि शून्य हे भरलेले घर आहे. अंतरे घरांमधली मोजतो, संख्येच्या भारदस्तपणाशी त्यांचा संबंध नाही. ज्या स्थानमूल्य पद्धतीत शून्याला स्वतःचे घर मिळाले, त्या पद्धतीबद्दलचेच हे विधान आहे.

याहून वजनदार प्रश्न: मग चारच घरे का? तीन घरांत ४९५ मिळते, ९५४ वजा ४५९. तिथे मधला अंक वजाबाकीत उडूनच जातो, त्यामुळे गोष्ट लहान आहे. दोन घरांत मुक्काम नाही, नुसता फेरा: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. पाच घरांतही तेच, एकही संख्या स्वतःवर परतत नाही. वेगवेगळ्या संख्या तीन निरनिराळ्या फेऱ्यांत अडकतात, आणि त्यांतला सगळ्यांत आखूड ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यात हेलकावत राहतो. सहा घरांत ६३१७६४ भेटते आणि चेहरा ओळखीचा वाटतो: ६१७४च्या पोटात एक ३ आणि एक ६ शिरला आहे. आठ घरांत ६३३१७६६४, दहा घरांत ६३३३१७६६६४, आणि हे असे संपतच नाही. पण यांच्यापैकी कोणाकडेच सगळ्या संख्या येत नाहीत. सहा घरांत ५४९९४५ ही दुसरी मुक्कामाची जागा आहे (ती ४९५च्या घराण्यातली) आणि शिवाय एक फेराही आहे. दहाच्या पायात घरे कितीही घेतली तरी सर्वांना ओढून घेणाऱ्या संख्या दोनच, ४९५ आणि ६१७४. हे प्रिचेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘फिबोनाची क्वार्टर्ली’त सिद्ध केले. ४९५ फारशी झगडत नाही, त्यामुळे खरी अजोड अशी ६१७४च.

याचा उपयोग काय, हा प्रश्न मी फार ताणणार नाही. व्यवहारात काहीही नाही. शिकवण्यात मात्र आहे, कारण हातचा घेणे ही क्रिया आपण चौथीत सोडून देतो आणि तिच्या आत काय चालते ते पुन्हा कधी पाहत नाही. ६१७४ ते पाहायला लावते, आणि त्यासाठी पाटी-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

पुढील पानांत सगळ्यांत जास्त जागा अपवादांना दिली आहे, आणि ज्यांना ती रटाळ वाटेल त्यांनी आधी वीसच्या पायाचे प्रकरण वाचावे. वीसला ५ने भाग जातो, म्हणून तिथे ६१७४ची बहीण आहेच: अंतरे १२ आणि ४. दुरावे १०पासून मोजायचे, २ आणि ६ हे एकमेकांत बदलणारे. सगळे आपल्यासारखेच. पण दोन्ही दुरावे २ घेऊन निघालात तर पुढची जोडी ५ आणि ७, मग ४ आणि ०, मग २ आणि १० (इथे आतले अंतर शून्य झाले), मग २ आणि ३, मग ४ आणि ६, आणि सहाव्या पायरीला पुन्हा २ आणि २. त्या वाटेवरही १९०५सारखेच दोन्ही अपवाद भेटतात. फरक इतकाच, की दहाच्या पायात त्यांतून सुटका होते आणि विसाच्या पायात होत नाही.